लेखकांची खोली

जुलै 2023 मधली गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या भिंतीलगत बारहॅम बुलेव्हार्ड नावाचा रस्ता जातो. त्याच्या कडेला फिकसची झाडे ओळीने उभी आहेत. भर उन्हाळ्यात त्यांच्या सावलीत संपकरी लेखक आणि अभिनेते हातात फलक घेऊन फेऱ्या मारत. एके दिवशी ते आले तर झाडांचे शेंडे छाटलेले होते आणि पदपथावर ऊन पसरले होते. झाडे महापालिकेची होती आणि छाटणीसाठी परवाना काढलेला नव्हता. ही दरवर्षीची छाटणी असल्याचे स्टुडिओने सांगितले. शहराने दंड ठोठावला 250 डॉलर.

2 मे ते 27 सप्टेंबर असे 148 दिवस चाललेल्या संपात ही बाब किरकोळच म्हणायची, पण जगभरच्या लोकांना संप कळला तो या झाडांमुळे. एका बाजूला रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिकाचे साधारण साडेअकरा हजार पटकथाकार होते. दुसऱ्या बाजूला डिस्ने, वॉर्नर, पॅरामाउंट, सोनी, युनिव्हर्सल हे जुने स्टुडिओ आणि नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, ॲपल या नव्या कंपन्या, सगळ्यांची मिळून एक संघटना. 14 जुलैला अभिनेतेही संपात उतरले. लेखक आणि अभिनेते एकाच वेळी संपावर जाण्याची वेळ 1960 नंतर प्रथमच आली होती. आज त्या घोषणा विरल्या आहेत आणि कराराचा हिशेब मांडता येण्याइतका काळ लोटला आहे. तो मुंबईतही मांडायला हवा, कारण नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन याच कंपन्या इथल्या लेखकांशीही करार करतात.

भांडण समजण्यासाठी अमेरिकी मालिका कशी लिहिली जाते ते पाहावे लागेल. तिथे मालिकेचे लेखन एका खोलीत होते. तिचे नावच रायटर्स रूम. मोठे टेबल, भिंतीवर फळे, फळ्यांवर भागागणिक टाचलेली चिठ्ठ्यांची रांग आणि भोवती आठ-दहा लेखक. कोपऱ्यात बसून प्रत्येक सूचना टिपून घेणारा सहाय्यक असतो. तोच दोन-तीन वर्षांनी कनिष्ठ लेखक होतो, मग एक भाग स्वतः लिहितो, चित्रीकरणाला उभा राहतो, संकलनाच्या खोलीत बसतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी स्वतःची मालिका चालवतो. वर्षाला 22 भागांची मालिका असे तेव्हा हे काम वर्षातले बहुतेक महिने चाले. लेखक कमवत होता आणि शिकतही होता.

स्ट्रीमिंगच्या कंपन्यांनी ही घडी मोडली. भाग 22 वरून आठ-दहावर आले. मालिका बनवायची की नाही हे ठरण्याआधीच तीन-चार लेखकांना काही आठवड्यांसाठी बोलवायचे, सगळी कथा बांधून घ्यायची आणि त्यांना घरी पाठवायचे, ही पद्धत रूढ झाली. तिला मिनी रूम म्हणतात. चित्रीकरण सुरू होई तेव्हा सेटवर लेखक म्हणून एकटा प्रमुख उरे. बाकीचे तोवर दुसरे काम शोधत असत. गिल्डच्या आकडेवारीनुसार लेखक-निर्मात्याचे आठवड्याचे मध्यम मानधन महागाई हिशेबात धरता दहा वर्षांत 23 टक्क्यांनी उतरले होते. मार्च 2023 मध्ये ‘द बेअर’ या गाजलेल्या मालिकेला गिल्डचा पुरस्कार मिळाला. त्या समारंभाला तिचा एक तरुण लेखक उधारीवर घेतलेला बो टाय बांधून गेला होता आणि त्याच्या बँकेच्या खात्यात शिल्लक शून्याच्याही खाली होती.

दुसरे दुखणे पुनर्प्रक्षेपणाच्या मानधनाचे. तिकडे त्याला रेसिड्युअल म्हणतात. टीव्हीवर भाग पुन्हा दाखवला की लेखकाला पैसे मिळत. काम नसलेल्या महिन्यांत याच पैशांवर घर चाले. स्ट्रीमिंगमध्ये पुन्हा दाखवणे असे काही उरले नाही. मालिका कायमच पडद्यावर असते, पण संपाआधी किती लोकांनी पाहिली ते कंपनी सांगत नसे आणि लेखकाला ठरीव रक्कम मिळे. ‘सूट्स’ ही 2019 मध्ये संपलेली मालिका 2023 च्या उन्हाळ्यात नेटफ्लिक्सवर आली आणि तिने उच्चांक मोडले. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार अमेरिकी प्रेक्षकांनी त्या वर्षात ती 57.7 अब्ज मिनिटे पाहिली. तिच्या एका लेखकाने तेव्हाच वर्तमानपत्रात हिशेब मांडला. सहा मूळ लेखकांना अकरा भागांसाठी, सगळ्यांना मिळून, एका तिमाहीचे तीन हजार डॉलरही आले नव्हते.

या दोन गोष्टी समोर ठेवल्या की मतदान केलेल्यांपैकी 97.85 टक्के लेखकांनी संपाच्या बाजूने मत का दिले ते कळते. त्यांच्या मागण्यांची किंमत गिल्डच्या हिशेबाने वर्षाला 42 कोटी 90 लाख डॉलर होती. कंपन्यांची तयारी 8 कोटी 60 लाखांची होती. तडजोड 23 कोटी 30 लाखांवर झाली आणि ती 99 टक्के मतांनी मंजूर झाली.

रकमेपेक्षा करारातली कलमे महत्त्वाची आहेत. मालिका मंजूर होण्याआधीच्या खोलीत लेखक बोलावले तर त्यांना किमान दहा आठवड्यांच्या कामाची हमी मिळाली आणि मंजुरीनंतर वीस आठवड्यांची, किंवा खोली तेवढी चालणार नसेल तर ती चालेल तितक्या काळाची. सहा भागांपर्यंत तीन लेखक, सात ते बारा भागांना पाच, तेरा किंवा अधिक भागांना सहा, ही किमान संख्या ठरली. सगळ्या भागांची संहिता एकच लेखक लिहिणार असेल तर अपवाद. प्रदर्शनानंतर पहिल्या 90 दिवसांत देशातल्या 20 टक्के वर्गणीदारांइतकी पाहणी झाली, तर तासाभराच्या भागाला 16,415 डॉलर अधिक मिळणार. कोणता कार्यक्रम किती तास पाहिला गेला, हे कंपन्यांनी गिल्डला गोपनीयतेच्या अटीवर सांगायचे. त्याच डिसेंबरात नेटफ्लिक्सने अठरा हजारांहून अधिक कार्यक्रमांच्या पाहणीचे आकडे स्वतःहून जाहीर केले. जी माहिती वर्षानुवर्षे कुलपात होती ती अशी उजेडात आली. यात संपाचा वाटा आहे असे आम्ही मानतो.

आता दुसरी बाजू. 2023-24 च्या हंगामात दूरचित्रवाणी लेखनाच्या नोकऱ्या 1,819 उरल्या. आदल्या हंगामाच्या तुलनेत 1,319 नोकऱ्या गेल्या, म्हणजे 42 टक्के घट. हे आकडे गिल्डनेच प्रसिद्ध केले. वरच्या फळीतल्या 642 जागा गेल्या, मधल्या फळीतल्या 299 आणि अगदी खालच्या पायरीवरच्या 378. टक्केवारीत पाहिले तर सर्वांत मोठा फटका खालच्या पायरीला बसला. तिथल्या जवळजवळ निम्म्या जागा नाहीशा झाल्या. यातला काही भाग संपाच्या महिन्यांचाच आहे, पण संप मिटल्यावरही काम पूर्वीच्या पातळीवर आले नाही.

यावरून काही जण निष्कर्ष काढतात की संपानेच धंदा बुडाला. मराठी वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. 1982 च्या गिरणी संपाबद्दलही आपण तो चार दशके ऐकत आलो आहोत आणि गिरण्या त्याआधीच आजारी होत्या, त्यांच्या जमिनींचे भाव वेगळीच गोष्ट सांगत होते, हे पुष्कळदा विसरत आलो आहोत. दोन्ही संप सारखे नाहीत. अमेरिकी लेखकांचा संप करारावर संपला, गिरणगावातला रीतसर कधीच मिटला नाही. पण कारणांचा क्रम तपासायला हवा, हे दोन्हीकडे सारखेच लागू आहे.

तो क्रम असा आहे. एप्रिल 2022 मध्ये नेटफ्लिक्सने जाहीर केले की एका तिमाहीत दोन लाख वर्गणीदार घटले. एका दिवसात तिच्या शेअरचा भाव 35 टक्क्यांनी कोसळला. तोवर गुंतवणूकदार फक्त वर्गणीदारांची संख्या पाहत होते, त्यानंतर ते नफा विचारू लागले. सगळ्याच कंपन्यांनी हात आखडता घेतला. एफएक्स वाहिनी दरवर्षी अमेरिकेतल्या कथामालिका मोजत असे. तिच्या मोजणीत 2022 मध्ये 599 मालिका होत्या, 2023 मध्ये 516. मालिका लिहून, चित्रित होऊन पडद्यावर यायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणजे 2023 मध्ये न आलेल्या बऱ्याच मालिका संपाच्या आधीच नाकारल्या गेल्या होत्या. फुगा फुटलेला होता आणि त्याचा आवाज संपाच्या गलबल्यात ऐकू आला नाही. पुढे कंपन्या एकमेकींत विलीन होऊ लागल्या. ऑगस्ट 2025 मध्ये पॅरामाउंट स्कायडान्सच्या हाती गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वॉर्नर ब्रदर्ससाठी नेटफ्लिक्स आणि पॅरामाउंट यांची चढाओढ लागली. दोन खरेदीदारांचा एक झाला की लेखकाने गोष्ट घेऊन ठोठावायचे एक दार कमी होते. खोलीत बसलेल्याला किती आठवडे आणि किती पैसे मिळावेत हे करार ठरवू शकतो. खोल्या किती उघडाव्यात हे कुठलाही कामगार करार ठरवू शकत नाही, आणि 2023 च्या यशाची मर्यादा इथे आहे.

या मर्यादेची झळ सर्वांत जास्त बसते ती नवख्याला. कामाचे आठवडे मिळाले नाहीत की गिल्डच्या आरोग्य विम्यासाठी लागणारी किमान कमाई होत नाही, आणि अमेरिकेत विमा नसणे म्हणजे काय हे तिथे राहणारे आपले नातलग सांगू शकतील. त्याहून खोल नुकसान शिक्षणाचे आहे. खालची पायरी काढून टाकली तर दहा वर्षांनी वर कोण असेल? घटलेल्या नोकऱ्यांत आम्हाला सर्वांत गंभीर वाटतात त्या खालच्या पायरीवरच्या या 378 जागा, कारण त्यांची उणीव ताळेबंदात दिसत नाही. ती पुढे कधीतरी पडद्यावर दिसते, लेखन पातळ झाले की.

तरी चित्र एकरंगी नाही. जानेवारी 2025 मध्ये आलेली ‘द पिट’ ही रुग्णालयातली मालिका पाहा. एका हंगामात 15 भाग, खर्च मोठ्या स्ट्रीमिंग मालिकांच्या तुलनेत बेताचा, दुसरा हंगाम बरोबर वर्षभराने. जुन्या टीव्हीची हीच रीत होती. या मालिकेने सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोत्तम नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळवला. भाग जास्त म्हणजे खोलीचे आठवडे जास्त आणि नव्या लेखकाला हात बसवायला जागा जास्त. हिशेबनिसांना ती स्वस्त वाटते म्हणून का होईना, पण ही रीत परत येत असेल तर ते लेखकांच्या भल्याचे आहे. चित्रपटांत ‘सिनर्स’चा लेखक-दिग्दर्शक रायन कूगलर याने 25 वर्षांनी चित्रपटाचे हक्क आपल्याकडे परत येतील अशी अट वॉर्नरकडून मान्य करून घेतली. त्याच्याइतके वजन फार थोड्यांना असते हे खरे, पण अशी मागणी करता येते हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न या सगळ्यातून आरपार जातो. संपाच्या सुरुवातीला कंपन्या त्यावर नुसती वार्षिक चर्चा करायला तयार होत्या. शेवटी करारात आले ते असे: यंत्राने तयार केलेला मजकूर साहित्यकृती धरला जाणार नाही, त्यामुळे लेखकाचे श्रेय किंवा पैसे कापता येणार नाहीत. लेखकावर यंत्र वापरण्याची सक्ती करता येणार नाही, आणि हाती दिलेल्या मजकुरात यंत्राचे काम असेल तर ते सांगावे लागेल. लेखनात यंत्र येणारच नाही असे करारात कुठेही म्हटलेले नाही. यंत्राच्या आडून माणसाचा मोबदला कमी करायला मनाई आहे. आम्हाला हा भेद शहाणपणाचा वाटतो.

पण जुन्या पटकथांवर यंत्रे पोसली जाणे थांबवता येईल का, हा मुद्दा करारात मिटला नाही. गिल्डने आपला हक्क राखून ठेवला एवढेच. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाने दाखवून दिले की 53 हजारांहून अधिक चित्रपट आणि 85 हजार मालिका-भागांचे संवाद, उपशीर्षकांच्या रूपाने, अशी यंत्रे घडवण्यासाठी वापरले गेले आहेत. गिल्डने पुढच्याच महिन्यात स्टुडिओंना पत्र लिहून विचारले की तुमच्या मालकीचा माल लुटला जात असताना तुम्ही गप्प का? जून 2025 मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सलने मिडजर्नी या चित्रनिर्मितीच्या कंपनीवर खटला भरला. डिसेंबर 2025 मध्ये त्याच डिस्नेने ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीत एक अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि आपली दोनशेहून अधिक पात्रे तिला वापरायला देण्याची घोषणा केली. स्टुडिओ न्यायालयात गेला तो मालक म्हणून, आणि वाटाघाटीला बसला तोही मालक म्हणूनच. ती पात्रे ज्यांनी लिहिली त्यांना या व्यवहारात काय, हा प्रश्न तसाच उभा आहे.

मुंबईच्या लेखकाला याच ठिकाणी कान टवकारावे लागतात. अमेरिकेत पटकथेचा मालक कायद्याने स्टुडिओ असतो आणि लेखक त्याचा नोकर. 1933 मध्ये मंदीचे कारण सांगून स्टुडिओंनी पगार निम्मे केले, त्याच वर्षी तिथल्या पटकथाकारांची संघटना उभी राहिली. 1935 च्या कामगार कायद्याने नोकरांना एकत्र सौदा करण्याचा हक्क दिला आणि 1942 मध्ये लेखकांचा पहिला करार झाला. लेखकाने मालकी सोडली, पण नोकर म्हणून एकत्र सौदा करण्याचे बळ मिळवले. आपल्याकडे उलटे आहे. स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक कायद्याने आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. मग तो एका करारावर सही करतो आणि ती मालकी निर्मात्याला देऊन टाकतो. नोकर नसल्यामुळे नोकराचे सामूहिक बळ त्याच्यामागे नसते. स्क्रीनरायटर्स असोसिएशन ही मुंबईतली लेखकांची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे, तिच्याकडे संहिता नोंदवता येते आणि तंटा नेता येतो. पण सगळ्या निर्मात्यांना बांधील असा एकच किमान करार तिच्या हाती नाही.

जावेद अख्तर यांनी राज्यसभेत लावून धरल्यामुळे 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर चित्रपट कुठेही वापरला गेला तर त्यातील लेखनाच्या रॉयल्टीत लेखकाचा वाटा राहील आणि तो वाटा कराराने सोडून देता येणार नाही, असे ती सांगते. 1973 मध्ये ‘जंजीर’च्या फलकांवर आपली नावे नाहीत म्हणून सलीम-जावेद यांनी जीप आणि रंगारी पाठवून मुंबईभर ती रंगवून घेतली होती. नावापासून रॉयल्टीच्या कायद्यापर्यंत यायला जवळजवळ चाळीस वर्षे गेली. कायदा आहे, पण बहुसंख्य पटकथाकारांच्या खात्यात त्याचे पैसे दिसत नाहीत.

यंत्राचा प्रश्नही इथे येऊन ठेपला आहे. 1 ऑगस्ट 2025 रोजी 2013 चा ‘रांझणा’ हा चित्रपट तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ चित्रपटात नायक मरतो. नव्या प्रतीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने त्याला जिवंत ठेवले होते. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष यांनी उघड निषेध केला. इरॉस या निर्मात्या कंपनीचे म्हणणे होते की हक्क आमच्याकडे आहेत. पटकथा हिमांशु शर्मा यांची. मरणाचा तो प्रसंग म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ होता आणि लेखकाने न लिहिलेला शेवट त्याच्याच नावाखाली लोकांनी पाहिला. अमेरिकेत हे अगदी असेच घडू शकणार नाही असे नाही, पण तिथे त्याला आव्हान देणारी एक संघटना, एक करार आणि संप करण्याची ऐपत आहे.

मराठी दैनंदिन मालिकांचे लेखक हे सारे आणखी बिकट स्थितीत अनुभवतात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. तयार भागांचा साठा संपत आला की रात्री मागितलेला सीन सकाळी सेटवर हवा असतो, प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले की आठवड्यात कथेचा ट्रॅक बदलायचा असतो. पैसे भागागणिक. तीच मालिका पुढे ॲपवर वर्षानुवर्षे दिसते, दुसऱ्या भाषेत डब होते, तिचा रिमेक होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये स्टार आणि व्हायकॉम 18 एकत्र आल्यापासून स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन मोठ्या मराठी वाहिन्या एकाच मालकाच्या झाल्या आहेत. हॉलिवूडमध्ये दारे कमी झाली, तशीच ती गोरेगावातही झाली.

अमेरिकी लेखकांना 1960 च्या संपाने पेन्शन आणि आरोग्य विमा मिळवून दिला. 2007-08 च्या शंभर दिवसांच्या संपात त्यांनी इंटरनेटवरचे लेखन गिल्डच्या कक्षेत आणले, तेव्हा नेटफ्लिक्सचे स्ट्रीमिंग जेमतेम वर्षभराचे होते आणि पुष्कळांना ती मागणी हट्टाची वाटली होती. पंधरा वर्षांनी सगळा धंदाच तिथे गेला. 2023 च्या कराराची मुदत 1 मे 2026 ची होती. त्यातली कृत्रिम बुद्धिमत्तेची कलमे आज अपुरी दिसतात, पण पुढचे प्रत्येक बोलणे त्यांच्यापासूनच सुरू होईल. आपल्याकडे असे पहिले कलमही अजून सर्वांसाठी लिहिले गेलेले नाही.

म्हणून मराठी वाहिन्या आणि निर्मात्यांना विनंती की लेखकाच्या करारात पुनर्वापराचा मोबदला आणि यंत्राच्या वापराची अट स्वतःहून घाला. चांगले लेखक टिकले तरच तुमच्या मालिका टिकतील. आणि लेखकांना, विशेषतः आज पहिला भाग लिहायला बसलेल्या मुलामुलींना सांगणे असे: संघटनेचे सभासद व्हा, संहिता नोंदवा, करार सही करण्याआधी जाणत्याला दाखवा. पुनर्प्रक्षेपण, ओटीटी, डबिंग, रिमेक आणि एआय या पाच शब्दांपुढे काय लिहिले आहे ते वाचा. जिथे काहीच लिहिलेले नाही, तिथे लिहून मागा.